पोस्टाने सिनेमे: घरच्या घरी डीव्हीडीची चक्री कशी चालवायची

आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, की ताई तुम्ही ते पाकिटात सिनेमे पाठवत असता ते नेमकं कसं करता, आम्हा चौघींना पण सुरू करायचंय. फोनवर सांगायला बसले तर पाऊण तास झाला आणि तरी पॅकिंगचं राहूनच गेलं, म्हणून आता सगळं लिहूनच काढते. आमची चक्री, म्हणजे आपापल्या डीव्हीडी पोस्टाने एका घरून पुढच्या घरी फिरवत राहणं, २०१६ पासून सुरू आहे, पाच घरं आहेत, नागपूरला मी, अमरावतीला दादा-वहिनी, यवतमाळला मावसबहीण, वर्ध्याला कॉलेजची मैत्रीण आणि पुण्याला धाकटे दीर. पैसे कोणी कोणाला देत नाही, फक्त पोस्टेज ज्याचं त्याने भरायचं.

ही सवय मला लागली ती अमेरिकेत. यांच्या कामामुळे आम्ही २००६ ते २०१० न्यू जर्सीला होतो, तिथे नेटफ्लिक्स म्हणजे तेव्हा लाल पाकीटच. आत्ताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी १९९७ मध्ये कंपनी काढली ती डीव्हीडी पोस्टाने भाड्याने देण्यासाठी, पहिली डीव्हीडी पाठवली मार्च १९९८ मध्ये, आणि महिन्याची वर्गणी सुरू झाली १९९९ ला. उशीर झाला म्हणून दंड नाही, हवी तितके दिवस ठेवा, परत पाठवली की आपण आधी लावून ठेवलेल्या यादीतली पुढची निघणार. जायचं-यायचं पाकीट एकच, वरचा भाग फाडला की खाली परतीचा पत्ता छापलेला, तिकीटाचे पैसे आधीच भरलेले. बघायला साधं, पण मला त्या पाकिटाचं फार कौतुक वाटायचं आणि अजूनही वाटतं. शेवटची पाकिटं निघाली २९ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे पंचवीस वर्षं चाललं ते.

आता त्यातून मी काय शिकले ते आधी सांगते, कारण पॅकिंग नंतर कोणीही शिकेल, पण सवय नीट नसली तर चक्री तीन महिन्यांत बंद पडते.

आमचा प्लॅन होता एका वेळी तीन डिस्कचा, महिन्याला साधारण १७ डॉलर. सोमवारी सकाळी पाकीट टाकलं की मंगळवारी त्यांना मिळायचं, त्याच दिवशी पुढची निघायची आणि बुधवारी दारात. महिन्यात आठ पाहिल्या तर एक पडायची दोन डॉलरला, आणि एखादी दोन महिने टीव्हीवर तशीच पडून राहिली तर तीनातली एक जागा अडली, म्हणजे दोन महिन्यांचे अकरा-साडेअकरा डॉलर त्या एकाच न पाहिलेल्या सिनेमाचे. हे गणित मी एकदा वहीच्या मागे मांडलं आणि मग नुसतं गणितच नाही, कोणत्या डिस्क पडून राहतात तेही पाहायला लागले. पडून राहायच्या त्या सगळ्या चांगल्या, गंभीर, "पाहायलाच पायजे" अशा म्हणून मागवलेल्या. हलका-फुलका सिनेमा आला की त्याच रात्री लागायचा.

हे फक्त माझंच नाही बरं का. २००९ मध्ये कॅथरीन मिल्कमन नावाच्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका ऑनलाइन डीव्हीडी भाड्याच्या कंपनीचा डेटा तपासून हेच दाखवलं, की माहितीपट वगैरे "पाहायला हवेत" असे सिनेमे लोक जास्त दिवस घरात ठेवतात आणि मजेचे लवकर परत करतात. मी हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. मागवताना माणूस पुढच्या आठवड्यातला स्वतः डोळ्यासमोर आणतो, तो नेहमी ताजातवाना आणि अभ्यासू असतो, आणि पाहायची वेळ येते तेव्हा मात्र दिवसभर थकलेली मी असते.

म्हणून पहिला नियम, यादी करताना जड आणि हलका एकाआड एक लावा. दोन जड सलग कधीच नको. आणि जड सिनेमा नेहमी शनिवारच्या आत हातात येईल असा लावा, कारण बुधवारी रात्री साडेनऊला जेवण आटोपून कोणी अडीच तासांचा युद्धाचा सिनेमा लावत नाही. दुसरा नियम, दहा दिवसांत पाहिला नाही तर न पाहता पुढे पाठवायचा. हा नियम सगळ्यांना सुरुवातीला कठोर वाटतो, वर्ध्याच्या मैत्रिणीने तर पहिल्या वर्षी माझ्याशी यावरून वाद घातला, पण न पाहता गेलेला सिनेमा फिरून परत येतोच की, आणि दुसऱ्यांदा आला की बहुतेक वेळा पाहिला जातो. अडकलेली डिस्क मात्र पाच घरांना अडवते.

तिसरं, घरात दोन माणसं असतील तर यादी वेगळी ठेवा. यांना जुने वेस्टर्न आवडायचे, मला युरोपातले संथ सिनेमे, आणि एकाच यादीत मी माझे वर सरकवायची, हे रात्री येऊन त्यांचे वर सरकवायचे. मग आम्ही तीनातल्या दोन माझ्या, एक यांची अशी वाटणी केली, कारण मी घरी असायची. नेटफ्लिक्समध्ये एका खात्यावर अशा वेगवेगळ्या याद्या ठेवायची सोय होती. २००८ मध्ये कंपनीने ती बंद करायचं जाहीर केलं होतं, लोकांनी इतकी पत्रं लिहिली की त्याच महिन्यात निर्णय मागे घेतला. म्हणजे घरोघरी हीच कथा होती. आमच्या चक्रीतसुद्धा दादा आणि वहिनींची नावं वेगळी धरतो, दादाची पसंती दादाच्या नावावर, वहिनींची वहिनींच्या.

नागपूरला परत आल्यावर आम्ही इथेही कुरिअरने डीव्हीडी घरपोच देणाऱ्या एका कंपनीचं सभासदत्व घेतलं होतं. वर्षभर छान चाललं, पोरगा यायचा, नवी द्यायचा, जुनी न्यायचा. मग यादीतलं काही यायचंच नाही, त्यांच्याकडे जे पडलं असेल ते यायचं, आणि एक दिवस फोन लागणंच बंद झालं. आमचं डिपॉझिट गेलं ते गेलंच. रक्कम फार नव्हती पण मला रडू आलं होतं हे खरं, कारण सासूबाई तोपर्यंत त्या पोराची वाट पाहायला लागल्या होत्या, दर गुरुवारी दुपारी चहाचं आधण ठेवून. त्यामुळे आमच्या चक्रीत डिपॉझिट हा प्रकारच नाही.

आता चक्री कशी लावायची. माणसं चार ते सहा. तीन असली तर सिनेमे लवकर संपतात, सातच्या वर गेली की एखादं घर हमखास ढिलं पडतं. प्रत्येकाने सुरुवातीला आपल्या मालकीच्या चार-पाच ओरिजिनल डीव्हीडी काढायच्या. कॉपी केलेल्या अजिबात नको, मी या बाबतीत ऐकून घेत नाही, कोणी कॉपी आणली तर ती फिरत नाही आणि फिरणारी कोणी कॉपी करत नाही. भाडंही घ्यायचं नाही. आपण आपलं पुस्तक बहिणीला वाचायला देतो तसंच हे आहे, ते तसंच राहू द्या.

डिस्क कुठून आणायच्या म्हणाल, तर आधी स्वतःच्या घरातला टीव्हीखालचा कप्पा बघा, बाप्पा, किती निघतात. आमच्या मैत्रिणीकडे पॅकिंगही न फाडलेल्या अकरा निघाल्या. नंतर ओळखीत विचारा, पुष्कळ लोक घर रंगवताना टाकून देऊन राहिले. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जुन्या पुस्तकांसोबत कधीकधी मिळतात. मराठी नाटकं आणि जुने मराठी सिनेमे दिसले तर आधी उचला, कारण त्यातलं बरंचसं ओटीटीवर सापडत नाही आणि सापडलं तरी उद्या तिथून निघून जातं. अमेरिकेतून कोणी आणून दिली तर एक लक्षात ठेवा, डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडून प्रत्येकाला रीजनचा नंबर दिलाय, तिकडची डीव्हीडी रीजन १ ची असते आणि आपल्याकडची रीजन ५, साध्या प्लेअरवर ती लागणार नाही. मल्टी-रीजन प्लेअर लागतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो पण मोजून पाच वेळा, पाचव्यांदा जो ठेवाल तोच कायमचा. मी हे माहीत नसताना तीन वेळा बदलून बसले होते, तुम्ही तसं करू नका. आणि नवा टीव्ही घेतला असेल तर मागे ती लाल-पांढरी-पिवळी भोकं आहेत का ते आधी पाहा, नसतील तर एचडीएमआयवाला प्लेअर घ्या.

फिरवायची पद्धत अशी, मालकाकडे परत पाठवायचं नाही, पुढच्या घरी पाठवायचं. नागपूर ते वर्धा, वर्धा ते यवतमाळ, यवतमाळ ते अमरावती, अमरावती ते पुणे, पुणे ते परत नागपूर. क्रम एकदा ठरला की बदलायचा नाही, मग पत्त्याची पाच-सहा पाकिटं आधीच लिहून ठेवता येतात, आणि मी सांगते, आधी लिहून ठेवलेलं पाकीट हीच अर्धी लढाई आहे. त्या लाल पाकिटाची खरी करामत तीच होती, परत पाठवताना काहीच शोधावं लागायचं नाही. प्रत्येक घराचा पोस्टाचा दिवस सोमवार. रविवारी रात्रीपर्यंत पाहा, सोमवारी टाका.

पॅकिंगवर मात्र मी थोडी जास्तच बोलणार आहे. माझे बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, पत्रं निवडणारे सॉर्टर होते, नागपूर स्टेशनवर, आणि कितीतरी वर्षं रात्रीच्या गाडीत डब्यात उभं राहून पत्रं खान्यांमध्ये टाकत जायचे. मी पहिलं पाकीट बांधलं ते त्यांना दाखवलं, तर त्यांनी ते हातात घेऊन वळवून पाहिलं आणि उघडायला लावलं. म्हणाले, हे थैलीत सगळ्यात खाली जाणार असं धरून बांध, वर दहा किलोचं पार्सल पडणार असं धरून बांध. मग त्यांनी जसं बांधून दाखवलं तसंच मी अजून बांधते.

डीव्हीडीची प्लास्टिकची केस काढून टाका, ती घरीच ठेवा. डिस्क १२ सेंटीमीटरची आणि १.२ मिलीमीटर जाड, वजन जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम, पण केस घातली की सगळं मिळून शंभरीच्या आसपास जातं आणि केस फुटून तिचेच तुकडे डिस्कला ओरखडे पाडतात. डिस्क मऊ कागदी किंवा कापडी स्लीव्हमध्ये घाला. साडीच्या किंवा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून १४ सेंटीमीटरचे दोन चौकोन करा, मधे स्लीव्ह ठेवा, चारी बाजूंनी टेप लावा पण टेप स्लीव्हला नाही, पुठ्ठ्याला. हलवून पाहा, आत काही सरकायला नको. आता पाकीट डिस्कएवढंच घ्यायचं नाही, अर्ध्या फुलस्केपएवढं लांबट घ्या, आणि पुठ्ठा डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात आतून टेपने चिकटवा. का, तर तिकीट लागतं उजव्या वरच्या कोपऱ्यात, आणि तिकिटावर शिक्का मारतात तो हातोडीसारखा बसतो. त्याच्या खाली डिस्क आली की मधल्या भोकाभोवती बारीक तडा जातो. बाबांनी हे आयुष्यभर मारलेले शिक्के आठवून सांगितलं होतं. बबल रॅप लावू नका, पाकीट फुगतं, फुगलेलं पाकीट गठ्ठ्यात बसत नाही आणि वेगळं काढून कुठेतरी टाकलं जातं.

असं बांधलेलं माझं पाकीट ४२ ग्रॅम भरतं. स्पीड पोस्टाचा पहिला स्लॅब ५० ग्रॅमपर्यंतचा, म्हणजे आपण आत बसतो. दोन डिस्क घातल्या की पुढच्या स्लॅबमध्ये गेलो, आणि एकदा तिथे गेलोच आहे तर मग दोनवर थांबण्यात अर्थ नाही, चार घाला. म्हणून आम्ही एक तर एकच पाठवतो, नाहीतर मालिकेचा अख्खा संच एकदम. मालिकेच्या डिस्क एकेक करून कधीच फिरवू नका, पहिली पुण्याला आणि तिसरी यवतमाळला असं झालं की सगळे चिडतात.

आम्ही आधी साध्या पोस्टाने पाठवायचो, महत्त्वाची असेल तर रजिस्ट्री. २०२५ मध्ये रजिस्ट्री स्पीड पोस्टातच सामील झाली, त्यामुळे आता सरळ स्पीड पोस्ट. पावतीवर तेरा अक्षरी नंबर असतो, शेवटी आयएन, त्याचा लगेच फोटो काढून ग्रुपवर टाका. पावती पर्समध्ये ठेवली की तिची शाई उडते. मी घराजवळच्या पोस्टातच जाते, सिव्हिल लाइन्सला काही काम असलं तर जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात. काउंटरवर विचारलं तर स्पष्ट सांगा, सिनेमाची डीव्हीडी आहे, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात "आत डिस्क आहे, वाकवू नये" असं मराठीत आणि हिंदीत लिहा. पिन कोडचे सहा आकडे सुटे सुटे. पत्त्यात फोन नंबर हवाच, आणि मागे आपला पत्ता.

आपल्या नागपूरच्या उन्हाचं वेगळं सांगायला पायजे. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला गेला की दारावरची लोखंडी पेटी हात लावू देत नाही. आमची पेटी पश्चिमेला होती, एका मे महिन्यात डिस्क आली ती टेबलावर ठेवली तर एका बाजूने उचललेली, प्लेअरमध्ये घरघर करायची. तेव्हापासून पेटी आतल्या भिंतीला हलवली आणि पोस्टमन दादांना सांगून ठेवलं, बेल वाजवा, पाणी पिऊन जा. उन्हाळ्यात पाकीट सकाळी दहा-साडेदहाला पोस्टात द्या, गाडीच्या डिकीत किंवा काचेपाशी ठेवून दुपारभर गावभर फिरू नका. पावसाळ्यात पुठ्ठ्यावरून एक प्लास्टिकची पिशवी, बस.

पाकीट आलं की आधी उजेडात धरून मधल्या भोकाभोवतीची जागा पाहा. तिथून तडा निघाला असेल तर ती डिस्क लावायचीच नाही, विशेषतः कॉम्प्युटरमध्ये, तिथे ती फार जोरात फिरते आणि आतच फुटू शकते. नुसता धुरळा असेल तर चष्म्याच्या कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा वाचणाऱ्या रेषेच्या दिशेनेच पडतो आणि मशीनला तो भरून काढता येत नाही, आडवा ओरखडा ते पुष्कळदा चालवून घेतं. तेलकट बोट लागलं असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि सुकू द्या. डिस्कवर नावाचं स्टिकर लावायचं नाही, वजन एका बाजूला जाऊन ती थरथरते, नाव स्लीव्हवर लिहा.

स्लीव्हमध्ये आम्ही एक चिठ्ठी ठेवतो, वाचनालयाच्या पुस्तकात मागे असायची तशी. कोणत्या घरी कधी आली, कधी गेली, आणि एक ओळ, सिनेमा कसा वाटला. गोष्ट फोडायची नाही. बाकी काय वाट्टेल ते लिहा. सुरुवातीला मी आकड्यात मार्क ठेवले होते, पाचपैकी किती, पण त्यातून काही कळत नाही, दादा सगळ्यांना चार देतो. ओळीतून कळतं. सासूबाईंनी एका जुन्या नाटकाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "दुसऱ्या अंकात झोपू नका, मी झोपले होते म्हणून परत लावलं." त्यानंतर ते नाटक पाचही घरांनी दुसऱ्या अंकापर्यंत जागून पाहिलं. आज माझ्याकडे अशा चिठ्ठ्यांचा एक डबा आहे, पुढच्या यादीला मी आधी तोच काढून बसते, कोणाला काय पाठवायचं ते त्यात सगळं असतं. यवतमाळच्या बहिणीला रडका शेवट चालत नाही, पुण्याच्या भाऊजींना सबटायटल नसलं तर चालत नाही कारण एका कानाने कमी ऐकू येतं. हे कोणत्याही ॲपला मी कधी सांगितलं नसतं.

राहता राहिलं हरवण्याचं. दहा वर्षांत आमच्या चार हरवल्या आणि तीन फुटल्या. यावर आधीच बोलून ठेवा, नंतर बोललं की मनं दुखावतात. आमचं ठरलंय ते असं, वाटेत काही झालं तर दोष कोणाचाच नाही, पाठवणाऱ्याने आणि मागवणाऱ्याने मिळून मालकाला दुसरी कोणतीही एक डिस्क द्यायची, तीच हवी असा हट्ट नाही. जी डिस्क आपल्याला परत मिळणारच नाही असं वाटलं तर जीव जाईल, ती चक्रीत घालूच नका. बाबांच्या साठाव्या वाढदिवसाची रेकॉर्डिंगची डिस्क माझ्याकडे आहे, वहिनींनी दोनदा मागितली, मी त्यांना म्हटलं वहिनी तुम्ही नागपूरला या, इथे बसून पाहू.

नवीन सुरू करताना सगळ्यांनी एकदम पाठवू नका. एका घराने एक पाकीट पाठवा, ते पाचही घरं फिरून येऊ द्या, पन्नासेक दिवस लागतात. कोणाचा पत्ता अर्धवट आहे, कोणाकडे प्लेअर बिघडलाय, कोणाला सोमवार जमत नाही, सगळं त्या एका फेरीत कळतं. भिशीवाल्या ताई, तुमच्या पहिल्या पाकिटासाठी पुठ्ठे मी कापून ठेवलेत, गुरुवारी येताना फक्त स्लीव्ह तेवढे आणा.